मुदत संपलेलं नाव आणि त्याचा लिलाव

मागच्या दिवाळीत शाळेतल्या मराठीच्या बाईंचा फोन आला. "अगं, तू ते इंटरनेटचंच काहीतरी शिकतेस ना? माझी साइट उघडली की पत्ते दिसतायत." निवृत्तीनंतर बाईंनी बालगीतं जमवून एक साधीशी साइट केली होती, मुलाच्या मदतीने. मी उघडून पाहिली. रमीची जाहिरात होती. हॅक झाली असणार असं वाटलं, म्हणून डोमेनची नोंद काढली. तिथे नावाची निर्मिती-तारीख 2011 चीच होती, तारखेला धक्काही लागलेला नव्हता. फक्त धनी बदललेला.

ही तारीख महत्त्वाची आहे, म्हणून गोष्ट तिच्यापासून सुरू करतेय. नाव रद्द होऊन पुन्हा कोणी घेतलं असतं, तर निर्मिती-तारीख नवी दिसली असती. जुनीच दिसते याचा अर्थ नाव रद्द झालंच नाही, बाईंच्या हातून थेट दुसऱ्याच्या हातात गेलं. रजिस्ट्रारला, म्हणजे जिथून नाव घेतलं त्या कंपनीला, विचारलं तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं : मुदत संपली होती, नूतनीकरण झालं नाही, नाव लिलावात विकलं गेलं, आणि हे सगळं अटी-शर्तींत लिहिलेलं आहे. खरंच लिहिलेलं आहे, मी वाचलं. आठवणीच्या ईमेलही गेल्या होत्या, पण बाई आता उघडतच नाहीत अशा पत्त्यावर.

तुम्ही म्हणाल, मग चूक बाईंचीच. असेलही. पण माझा प्रश्न चूक कोणाची हा नाही. चूक झाल्यावर त्या चुकीतून पैसे कोणी कमवावेत, हा आहे. गेले काही महिने संशोधनासाठी या विषयावरचं बरंच वाचते आहे. त्यातला एक शोधनिबंध फार चांगला आहे आणि तरीही मला अपुरा वाटतो. आज त्याबद्दल लिहिते.

आधी थोडी यंत्रणा समजून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. डॉट कॉमसारखं नाव तुम्ही विकत घेत नाही, वर्षाच्या बोलीने घेता. वर रजिस्ट्री असते (डॉट कॉमची व्हेरीसाइन), तिच्या खाली शेकडो रजिस्ट्रार, आणि या सगळ्यांना करारांनी बांधणारी आयकॅन ही संस्था. मुदत संपली की रजिस्ट्री नाव आपोआप एक वर्ष पुढे ढकलते आणि रजिस्ट्रारकडून पैसे कापून घेते. मग रजिस्ट्रारच्या हातात 45 दिवस असतात. तेवढ्यात त्याने नाव रद्द केलं तर पैसे परत मिळतात. रद्द केल्यानंतर 30 दिवस सवलतीचे. या काळात जुना धनी जादा पैसे भरून नाव सोडवून घेऊ शकतो, गहाण दागिना सोडवतात तसं. त्यानंतर 5 दिवस नाव अडकून राहतं आणि मग सुटतं. सुटलं की जो पहिला मागेल त्याचं.

तो 'पहिला' तुम्ही-आम्ही नसतो. गणपतीच्या आधी कोकण रेल्वेचं आरक्षण उघडतं तेव्हा काय होतं, आठवा. तुम्ही पान उघडून तारीख निवडेपर्यंत गाडी भरलेली असते. इथे तर माणसाचा वेगच कामाचा नाही. सुटलेली नावं पकडणाऱ्या, 'ड्रॉप-कॅच' म्हणतात त्या, कंपन्या रजिस्ट्रीवर मागण्यांचा मारा करतात. रजिस्ट्री प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला सारख्याच जोडण्या देते, त्यामुळे जास्त जोडण्या हव्या असतील तर जास्त रजिस्ट्रार काढायचे. कागदोपत्री वेगळ्या आणि मालक एकच अशा शेकडो कंपन्या याच कारणाने उभ्या राहिल्या. रांगेत सगळे नातेवाईक उभे करावेत तसं. आयकॅनला प्रत्येकीमागे वर्षाला 4,000 डॉलर मिळतात, तेव्हा तिलाही तक्रारीचं फार कारण नसतं. हा माझा शेरा आहे, कोणत्या निबंधातला निष्कर्ष नाही.

आता मूळ निबंधाकडे. 'गेम ऑफ रजिस्ट्रार्स', लेखक टोबियास लाउइंगर आणि सहकारी, 2017 च्या युझनिक्स सुरक्षा परिषदेतला. नाव मालिकेवरून घेतलंय, पण आत गमतीजमती नाहीत, चिकाटीचं मोजमाप आहे. लेखकांनी मुदत संपलेल्या नावांच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या आणि कोणतं नाव कधी, कसं, कोणाकडे गेलं ते पाहिलं. रद्द झालेल्या डॉट कॉम नावांपैकी 10 टक्के नावं रद्द झाली त्याच दिवशी पुन्हा घेतली जातात. डॉट ऑर्गमध्ये रद्द होण्याच्या दिवशी जी नावं उचलली जातात, त्यातली अर्ध्याहून जास्त केवळ 30 सेकंदांच्या खिडकीत उचलली जातात. आणि मला सगळ्यात बोलका वाटलेला आकडा हा : मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांपैकी 75 टक्क्यांहून जास्त या नावं पकडणाऱ्या सेवांच्या ताब्यात आहेत, नाव नोंदवण्याच्या एकूण प्रयत्नांपैकी 80 टक्क्यांहून जास्त प्रयत्न त्यांचे, पण यशस्वी नोंदण्यांत त्यांचा वाटा फार तर 9.5 टक्के. म्हणजे संस्थेच्या मान्यतायादीतली बहुसंख्य नावं ही दुकानं नाहीतच, रांगेतली डोकी आहेत. याच गटातल्या बहुतेक लेखकांनी 2018 मध्ये पुढचा निबंध लिहिला. डॉट कॉम नावं रोज ठरावीक क्रमाने रद्द होतात आणि काही तर शून्य सेकंदात पुन्हा घेतली जातात, हे त्यात दाखवलं आहे.

पण बाईंचं नाव या शर्यतीत गेलंच नाही. निबंधातला दुसरा भाग तिथेच कामाला येतो. लेखक ज्याला 'सुटण्याआधीची विक्री' म्हणतात ती अशी : नाव रद्द करून शर्यतीत सोडायचं कशाला? त्या 45 दिवसांच्या मुदतीतच रजिस्ट्रार ते लिलावात मांडतो आणि जिंकणाऱ्याच्या नावावर करून देतो. रजिस्ट्रीच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं, चालू नावाचा धनी बदलला इतकंच. निर्मिती-तारीख जुनीच राहते, आणि जुनं नाव शोधयंत्रांत वजनदार समजलं जात असल्याने तिच्यामुळे किंमतही वाढते. लेखकांनी हा व्यवहार बाहेरून ओळखण्याची पद्धत शोधली. बाईंच्या नोंदीतली तारीख मला कळली ती हा निबंध वाचला होता म्हणून.

आता माझी तक्रार. निबंधाला दिसतो तो फक्त नोंदीतला बदल. धन्याने नाव सोडलं की त्याच्याकडून सुटलं, हे नोंदीत दिसत नाही. 'नको होतं म्हणून भरलं नाही' आणि 'भरायचं राहून गेलं' या दोन्ही गोष्टी त्याच्या तक्त्यात एकाच रकान्यात येतात. मोजमापाच्या निबंधाकडून मनातलं मोजण्याची अपेक्षा नाही. पण सगळा नैतिक प्रश्न त्या रकान्याच्या आतच आहे. टाकून दिलेलं नाव कोणी विकलं तर माझं काही म्हणणं नाही, आनंदच आहे. नावं कोणाच्या तरी कपाटात कुजण्यापेक्षा वापरात यावीत. विसरलेलं नाव विकलं तर मात्र विचारावं लागतं की विसरणाऱ्याला आठवण करून देण्याचं काम कोणाकडे होतं. ते काम रजिस्ट्रारकडेच असतं. आठवण झाली तर त्याला वर्षाच्या शुल्कातला लहानसा नफा, नाही झाली आणि नाव बरं असलं तर लिलावाची अख्खी रक्कम. कोणी मुद्दाम ईमेल पाठवत नाही असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही, निबंधातही नाही. पण आठवण नीट पोचावी यासाठी जास्तीचा एक फोन, एक एसएमएस करण्याचं कारण या रचनेत कोणालाच उरत नाही.

निबंध 2017 चा, हेही लक्षात ठेवा. मे 2018 मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाला आणि नोंदींतली धन्याची नावं झाकली गेली. त्यामुळे बाहेरच्या संशोधकाला आज अशी मोजणी पुन्हा करायची तर धनी बदलला हेच कळणं कठीण. बाईंच्या बाबतीत मला कळलं ते साइटवर पत्ते दिसले म्हणून. खासगीपणा हवाच, पण त्याची एक किंमत अशीही आहे.

मग नियम काय म्हणतात? आयकॅनचं यासाठी खास धोरण आहे, 2013 पासून लागू. रजिस्ट्रारने मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत एक सूचना पाठवायची. नाव रद्द करण्यापूर्वीचे किमान आठ दिवस ते सलग बंद ठेवायचं, म्हणजे जुनी साइट दिसणार नाही, ईमेल चालणार नाही आणि धन्याला जाग येईल. आणि रजिस्ट्रीने ते 30 दिवस द्यायचे.

हे आठ दिवस मला या धोरणातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. ज्याने कोणी सुचवलं त्याला माणसं कळत होती. ईमेल कोणी वाचत नाही, साइट बंद पडली की मात्र शेजारीपाजारी फोन करतात. नियमाने आणखी एक गोष्ट नीट केली आहे. अटी-शर्तींच्या आधारे रजिस्ट्रारने मुदतीनंतर नाव स्वतःच्या खाती ओढून घेतलं, तरी नूतनीकरणाचा हक्क आधीच्याच धन्याचा मानला जातो.

पण नियमाचं वाक्य नीट वाचा. आठ दिवस मोजायचे ते 'रद्द होण्यापूर्वीचे'. तीस दिवस मिळायचे ते 'रद्द झाल्यावर'. लिलावात थेट विकलेलं नाव रद्द होतच नाही. मग सोडवून घेण्याचे ते तीस दिवस उगवतच नाहीत, आणि आठ दिवस कुठून मोजायचे याचा आधारबिंदूच हरवतो. बऱ्याच रजिस्ट्रारांनी स्वतःहून काही दिवसांची सवलत ठेवलेली असते, लिलाव संपल्यावरही काही दिवस जुन्या धन्याला नाव परत घेऊ देतात. पण ती त्यांची मर्जी. संरक्षण 'रद्द' या शब्दाला बांधलेलं आणि बाजार तो शब्द टाळून चालणारा, अशी ही स्थिती आहे.

मला सारखी तुलना सुचते ती सोनेतारणाची. वर्तमानपत्रात 'लिलावाची जाहीर सूचना' म्हणून बारीक अक्षरांतली पानं येतात ना, कर्जखाते क्रमांकांची लांबलचक यादी असते, ती. रिझर्व्ह बँकेने बँकेतर वित्त कंपन्यांना घातलेले नियम पाहा : लिलावाची जाहिरात किमान दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कर्ज देणाऱ्या कंपनीने स्वतः बोली लावायची नाही. देणं वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराला परत. 2025 च्या निर्देशांत तर ही परतफेड सात कामकाजाच्या दिवसांत करायला सांगितली आहे. हप्ता चुकवलेल्या माणसाचंही उरलेलं त्याचंच, हे तत्त्व इथे कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

डोमेनच्या धंद्यातले लोक यावर लगेच म्हणतील, सोनं तुमच्या मालकीचं होतं, नाव भाड्याचं. मुद्दा खोटा नाही. नाव ही मालमत्ता की नुसती सेवा, यावर अमेरिकेतल्या न्यायालयांतच दोन मतं आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं असं म्हटलं, पण त्याने मुदत संपलेल्या भाडेकरूचा प्रश्न सुटत नाही. ठीक आहे, भाड्याचं धरू. भाड्याच्या गाळ्यात तुम्ही चौदा वर्षं वडापाव विकलात, भाडं चुकलं, मालकाने गाळा काढून घेतला. गाळा त्याचा. पण इथे लिलावात गाळा विकला जात नाही, गिऱ्हाईक विकलं जातं. 'बाईंची साइट' म्हणून शाळांनी आपापल्या पानांवर दिलेले दुवे, शोधयंत्रातली जागा, लोकांच्या वहीत लिहिलेला पत्ता. नव्या धन्याने पैसे मोजले ते यासाठी. कोरं नाव त्याला दहा-पंधरा डॉलरला कुठेही मिळालं असतं. वरची रक्कम बाईंनी कमावलेली आहे, आणि त्यातला एक पैसाही त्यांना मिळत नाही. किती होती हेही कळत नाही.

'लिलाव करणाऱ्याने बोली लावू नये' हा नियमही हवेतला नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने स्वतःच जाहीर केलं की त्यांच्याच एका कर्मचाऱ्याने 2005 पासून टोपणनावाने आपल्या कंपनीच्या लिलावांत बोली लावल्या होत्या. 'हालव्हारेझ' हे ते टोपणनाव, या धंद्यातल्या लोकांना अजून पाठ आहे. एकूण लिलावांपैकी सुमारे 5 टक्क्यांत हा गृहस्थ होता. कंपनीने फुगलेल्या किमतीतला फरक 5.22 टक्के व्याजासह परत देऊ केला. पण परत कोणाला? ज्यांनी जास्त मोजून नावं घेतली त्यांना. ज्यांची नावं गेली ते या हिशोबात कुठेच नव्हते.

आणखी एक माणूस या हिशोबात कधीच नसतो, तो म्हणजे तुम्ही. जुन्या पत्त्यावर विश्वासाने जाणारा. टायलर मूर आणि रिचर्ड क्लेटन यांचा 2014 चा निबंध याबद्दल आहे, आणि माझ्या मते तो जास्त अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेत 2003 पासून बंद पडलेल्या किंवा दुसऱ्या बँकेत विलीन झालेल्या बँकांची 2,302 डोमेन नावं त्यांनी तपासली. 47 टक्के अजून कोणत्या ना कोणत्या बँकेकडे होती. 33 टक्के नावं अशांच्या हाती गेली होती जे बँकेच्या उरलेल्या नावलौकिकावर जाहिराती लावत होते, शोधयंत्रांना फसवत होते किंवा घातक प्रोग्रॅम वाटत होते. लहान आणि अडचणीत आलेल्या बँकांची नावं जास्त निसटतात असंही त्यांना दिसलं. गावोगावच्या सहकारी बँकांच्या विलीनीकरणाच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना यात काय वाटेल ते सांगायला नको. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये देशातल्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेपटीवर यायला सांगितलं. तिथे नाव कोणालाही मिळत नाही, त्यामुळे ते मोकळ्या बाजारात जात नाही. उपाय चांगला आहे. पण तो पुढच्या नावांसाठी. स्थलांतरानंतर मागे उरलेली डॉट कॉम नावं किती वर्षं भरत राहायची, हा प्रश्न मूर आणि क्लेटन वाचल्यावर डोक्यातून जात नाही. (2024 मध्ये तर डॉट मोबीच्या नोंदी जिथे विचारल्या जात त्या सर्व्हरचंच जुनं नाव सुटलं आणि सुरक्षा संशोधकांनी ते 20 डॉलरला घेतलं. काही दिवसांत सव्वा लाखाहून जास्त यंत्रं त्यांच्याकडे माहिती विचारायला आली. ती मंडळी भली होती म्हणून बरं.)

मग काय करावं? माझं मत तुम्हाला कदाचित भाबडं वाटेल. थेट विक्रीवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. ती बंद केली तर नाव पुन्हा त्या सेकंदांच्या शर्यतीत जाईल, म्हणजे ज्याच्याकडे शंभर रजिस्ट्रार त्याच्याकडे. रांगेचा हक्क आधीच विकावा अशी व्हेरीसाइनची योजना 2002 च्या सुमारास आली होती, रजिस्ट्रार न्यायालयात गेले आणि ती कधी सुरूच झाली नाही. तिच्यातही पैसे वरच्याच कोणाच्या तरी खिशात जाणार होते. मला हवं आहे ते एवढंच की नाव विकताना 'रद्द' झालं असं समजून तेच आठ दिवस आणि तेच तीस दिवस लागू करावेत, आणि खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा जुन्या धन्याचा असावा. त्याने नाव मुद्दाम सोडलं असलं तरीही मिळावा. मनातलं ओळखायची गरजच नको.

यावर माझ्या एका मित्राने काढलेला आक्षेप मात्र मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. साइट बंद पाडणं ही उत्तम नोटीस आहे, असं मी वर म्हटलं. जून 2016 मध्ये अमेरिकेत सोरेन्सन कम्युनिकेशन्स या कंपनीचं एक डोमेन नूतनीकरणाअभावी बंद पडलं. ही कंपनी बहिऱ्या लोकांना खुणांच्या भाषेतून फोन करण्याची सेवा देते. त्या काळात ग्राहकांना आणीबाणीच्या 911 क्रमांकालाही फोन लावता येईना. 2017 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाशी सुमारे 30 लाख डॉलरची तडजोड झाली. तिथे जागं करायचं होतं कंपनीला, आणि अंधारात बसले दुसरेच. मित्राचं म्हणणं, आधी काही तासांसाठी नाव बंद करून लगेच चालू करावं, वीज मंडळ करतं तसं. असं कोणी करून पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही, पण मोजून पाहण्यासारखं आहे.

बाईंना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "किती ला गेलं गं?" रजिस्ट्रारने ते सांगायला नकार दिला होता. नवं नाव घेतलं, दहा वर्षांसाठी, एका वेळी त्याहून जास्त घेता येत नाही. खात्यात त्यांच्याबरोबर सुनेचाही ईमेल घातला. गीतांच्या छापील पुस्तिका घरात अजून दोनशेच्या आसपास आहेत. मागच्या पानावरच्या जुन्या पत्त्यावर बाई दुपारी बसून कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. वाटून झालेल्या पुस्तिकांवर तो पत्ता तसाच आहे, आणि त्या मुलांच्या हातात आहेत.